कॅम्पसवरचा ज्यू अभ्यासवर्ग: जावं का, आणि जाताना काय घेऊन जावं

अमेरिकेत शिकायला येणारी आमची बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची, मुलं-मुली भेटली की एक प्रश्न ठरलेला असतो. विद्यापीठात ज्यू विद्यार्थ्यांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालतात, त्यांना जाण्यात काही अर्थ आहे, की नुसता टाइमपास? ठाण्यातले माझे जुने कॉलेजमित्र, ज्यांचा ज्यू धर्माशी संबंध माझ्या डब्यातल्या नारळाच्या दुधातल्या मटणापुरताच आला, तेही विचारतात की तिथे शिकवतात तरी काय. गेल्या स्प्रिंग सेमिस्टरला असा एक वर्ग मी शेवटपर्यंत केला. तेव्हा एकदाच सविस्तर लिहून टाकते.

विद्यापीठ मिडवेस्टमधलं, सरकारी, अवाढव्य. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. तिथली माणसं भली आहेत, आणि खाली मी दोन-तीन गोष्टींवर तोंड सोडणार आहे.

आधी ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी. अमेरिकन विद्यापीठांत ज्यू विद्यार्थ्यांची केंद्रं ही जुनी गोष्ट आहे. 'हिलेल' ही त्यातली सर्वांत मोठी संस्था १९२३ साली इलिनॉय विद्यापीठात सुरू झाली आणि आज शेकडो कॅम्पसवर आहे. खबाद या कर्मठ ज्यू चळवळीची पद्धत वेगळी, तिथे रब्बी (धर्मगुरू, अमेरिकेत 'रब्बाय') आणि त्यांची बायको आपलं घरच विद्यार्थ्यांना उघडं ठेवतात. शिवाय कुठल्याच छत्राखाली नसलेली केंद्रंही असतात. अभ्यासवर्गाचा साचा मात्र साधारण सारखाच: आठवड्यातून एक संध्याकाळ, दीड तास, दहा-बारा विद्यार्थी, परीक्षा नाही, क्रेडिट नाही, फी नाही आणि जेवण फुकट. काही विद्यापीठांत तर वर्ग पूर्ण केला की वर थोडं मानधन देतात.

हे फोनवर सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "शिकणाऱ्यालाच पैसे? मग ते विकतायत काय, ते आधी बघ."

बाबांची शंका रास्त होती. यामागचा पैसा देणगीदारांचा आहे आणि देणगीदारांना एक भीती आहे. १९९० साली अमेरिकेतल्या ज्यूंचं एक राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात गेल्या पाच वर्षांत लग्न केलेल्यांपैकी ५२ टक्के ज्यूंनी ज्यू नसलेला जोडीदार निवडल्याचं आलं. आकड्यावर पुढे बरीच भांडणं झाली, पण घबराट बसायची ती बसली. पुढची पिढी ज्यू राहणार का, या काळजीपोटी शिबिरं, कॅम्पसवरची केंद्रं यांच्याकडे पैसा वळला. १९९९ पासून तरुणांना दहा दिवसांची इस्राएलची फुकट सहल देणारी योजना निघाली, तीही त्याच काळजीतून. आपल्याकडची काळजी निराळी. आपली माणसं १९४८ नंतर हळूहळू इस्राएलला गेली आणि मागे उरलेल्यांना प्रार्थनेसाठी दहा पुरुष जमतात की नाही याची चिंता. तेव्हा वर्गाला जाताना एवढं लक्षात ठेवा की तुमच्या पुढ्यातली जेवणाची प्लेट कुणीतरी एका हेतूने भरलेली आहे. हेतू वाईट नाही, पण तो आहे. आमच्या वर्गात कुणी कुणाला लग्नाबद्दल एक शब्द बोललं नाही, हेही सांगायला हवं.

नोंदणीच्या फॉर्मवर विचारतात की तुमचं आजवरचं ज्यू शिक्षण कुठे झालं. पर्याय असे: ज्यू शाळा, रविवारची हिब्रू शाळा, उन्हाळी शिबिर, काहीच नाही. आता आमचं शिक्षण यात कुठे बसवायचं? टेंभी नाक्याजवळच्या शाअर हाशामाईम या आमच्या प्रार्थनामंदिरात (१८७९ ची इमारत, ठाण्यात आहात तर बाहेरून तरी बघा) सणासुदीला हजानांच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांच्या, मागे म्हटलेल्या प्रार्थना, उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीने पाटीवर गिरवून घेतलेली आलेफ-बेथ ही हिब्रू अक्षरं, आणि आजीलाच पाठ असलेली योसेफाच्या गोष्टीची कीर्तनातली पदं. आमच्यात १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठीत कीर्तनं करायची प्रथा सुरू झाली होती. आजीच्या लहानपणी ती जिवंत होती. मी 'काहीच नाही'वर बराच वेळ बोट ठेवून बसले आणि शेवटी खाली मोकळ्या जागेत सगळं लिहून काढलं. तुम्हीही लिहा. आमच्या शिक्षिकेने ते वाचलं होतं, पहिल्याच दिवशी तिने कीर्तनाबद्दल विचारलं.

शिक्षिका म्हणजे रब्बाय, बाई, आणि वय तिशीच्या आत-बाहेर. आपल्याकडे परंपरेने रब्बीच नव्हते, सगळा कारभार हजान आणि मुकादमांवर. त्यामुळे पहिली रब्बाय बघितली तीच जीन्समधली बाई, याने मला बिचकायला झालं. बाकीचे तिला सरळ नावाने हाक मारायचे. माझी जीभ काही वळली नाही, मी शेवटपर्यंत 'रब्बाय'च म्हटलं. आईला मात्र यात काहीच नवल वाटलं नाही. मुंबईत १९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने 'ज्यूइश रिलिजस युनियन' निघाली आणि त्यांच्या रोडेफ शालोम या प्रार्थनामंदिरात बायका-पुरुष एकत्र बसतात, हे तिने मला ऐकवलं.

आता मुख्य गोष्ट, शिकवण्याची पद्धत. यासाठी मी या वर्गाला पैकीच्या पैकी गुण देईन. लेक्चर जवळजवळ नसतंच. दोघादोघांच्या जोड्या लावतात, हातात एक पान देतात आणि अर्धा-पाऊण तास सोडून देतात. एकाने एक वाक्य मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने विचारायचं की हे असं का म्हटलंय, मग दोघांनी भांडायचं. याला हाव्रुथा म्हणतात आणि ताल्मुद, म्हणजे रब्बींच्या वादचर्चांचा जुना ग्रंथ, असाच शिकतात, शेकडो वर्षं. खोलीत एकाच वेळी सहा भांडणं चालू असतात. पहिल्या दिवशी मला वाटलं, या गोंगाटात डोकं काय चालणार. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून ग्रंथालयातली शांतता नकोशी व्हायला लागली.

ताल्मुदमध्येच रब्बी योहानानची गोष्ट आहे. त्याचा जोडीदार रेश लाकिश वारतो. सांत्वनासाठी दुसरा एक विद्वान पाठवतात. तो योहानानच्या प्रत्येक म्हणण्याला आधार काढून देतो, 'तुमचं बरोबर आहे' म्हणतो. योहानान वैतागतो. माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? रेश लाकिश मी काही बोललो की चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो आणि विषय उलगडायचा! एवढं सगळं करून त्या बिचाऱ्याचा काही उपयोग होत नाही. योहानान शेवटी वेडापिसा होऊन मरतो. पहिल्या आठवड्याला हे पान देतात. ज्याने ते निवडलं त्याला आपलं काम कळतं.

माझी जोडीदार न्यू जर्सीची, बारावीपर्यंत ज्यू शाळेत शिकलेली. हिब्रू पाण्यासारखं वाचते. माझं हिब्रू अडखळत. पण अर्थावर बसलो की आमची गाडी बरोबरीने चालायची, कारण शाळेत तिला उत्तरं इतक्या लवकर मिळाली होती की काही प्रश्न पडायचे राहूनच गेले होते.

पानं वाचायला आम्ही 'सेफारिया' वापरायचो. ज्यू ग्रंथांचं हे मोफत डिजिटल ग्रंथालय २०१३ पासून चालू आहे, ॲपही आहे. कुठल्याही ओळीवर बोट ठेवा, बाजूला त्या ओळीवरची सगळी भाष्यं उघडतात: अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी, त्याच्या नातवंडांच्या पिढीचे आक्षेप, पार अलीकडच्यांपर्यंत. बाबिलोनी ताल्मुदचं स्टाइनसाल्ट्झ यांचं इंग्रजी भाषांतर २०१७ पासून तिथे फुकट वाचता येतं. त्यात ठळक अक्षरांत मूळ शब्द आणि साध्या अक्षरांत मधली भर, त्यामुळे ताल्मुद किती तुटक बोलतो आणि भाषांतरकाराने कुठे हात दिला ते डोळ्यांना दिसतं. आणि यात कुणीही स्वतःचं पान जुळवू शकतो, हवे ते उतारे एकाखाली एक लावून. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतं. वर्गाला जाणं जमणार नसेल तर एक मैत्रीण आणि सेफारिया एवढ्यावरही बरंच होईल.

आता जे खटकलं ते.

चौथ्या का पाचव्या आठवड्याला अखनाईच्या भट्टीची गोष्ट होती. बाबा मेत्झिया, पान ५९. एक भट्टी कापून तुकडे केलेले, मध्ये वाळू भरलेली. ती शुद्ध की अशुद्ध? रब्बी एलिएझर एकटे म्हणतात शुद्ध, बाकी सगळे म्हणतात अशुद्ध. एलिएझर जगातली सगळी उत्तरं देऊन थकतात, मग म्हणतात, माझं बरोबर असेल तर हे झाड सांगेल. कॅरोबचं झाड उपटून शंभर हात लांब जाऊन पडतं. बाकीचे म्हणतात, झाडावरून काही सिद्ध होत नाही. ओढा उलटा वाहतो. ओढ्यावरूनही होत नाही. मग पाठशाळेच्या भिंती कलायला लागतात, तेव्हा रब्बी येहोशुआ भिंतींवर ओरडतात: विद्वान आपापसात वाद घालतायत, तुमचा काय संबंध! भिंती येहोशुआंचा मान राखून पडत नाहीत आणि एलिएझरांचा मान राखून सरळही होत नाहीत. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर. येहोशुआ उभे राहतात आणि 'तोरा' या मूळ धर्मग्रंथाचंच वचन ऐकवतात, की ती आकाशात नाही. ती दिली गेली आहे, आता बहुमत.

पुढे रब्बी नाथान यांना एलियाहू हा संदेष्टा भेटतो. ते विचारतात, त्या घटकेला देव काय करत होता? एलियाहू सांगतो, हसला आणि म्हणाला, माझ्या पोरांनी मला हरवलं.

इथे मी पेन खाली ठेवलं. वर्गातल्या बाकीच्यांसाठी एलियाहू म्हणजे पेसाख सणाच्या रात्री ज्याच्यासाठी एक पेला भरून ठेवतात तो. आमच्यासाठी एलियाहू हनाबी म्हणजे घरचं माणूस. लग्न ठरलं, पोर परीक्षा पास झालं, आजारी माणूस उठलं, नवी खोली घेतली, सगळ्याला त्याच्या नावाचा मलिदा, म्हणजे गोड पोहे आणि फळांचं ताट. अलिबागजवळच्या खंडाळ्याचा खडक, जिथून तो रथातून वर गेला असं मानतात, तिथे मी लहानपणी दरवर्षी गेलेय. त्याच एलियाहूने ताल्मुदमध्ये येऊन देवाघरची खबर द्यावी, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी वर्गात हे बोलले. रब्बायने विचारलं, मलिदा म्हणजे काय? बाकीची संध्याकाळ त्यात गेली, आणि छान गेली.

पण आमच्या हातातलं पान देवाच्या हसण्यावर संपत होतं. खाली चर्चेचे प्रश्न: 'तुमच्या मते परंपरा कुणाच्या मालकीची?' वगैरे. घरी येताना बसमध्ये मी सेफारियावर तेच पान उघडलं आणि खाली सरकवत गेले. गोष्ट संपलेली नाहीच! त्याच दिवशी एलिएझरांनी शुद्ध ठरवलेलं सगळं आणून जाळतात. मतदान घेऊन त्यांना बहिष्कृत करतात. हे कुणी जाऊन सांगायचं? अकिवा काळे कपडे घालून जातो, चार हात लांब बसतो आणि म्हणतो, गुरुजी, मला वाटतं तुमचे सोबती तुमच्यापासून दूर झालेत. एलिएझर चपला काढून जमिनीवर बसतात, रडतात, आणि जगातल्या ऑलिव्हचा, गव्हाचा, जवाचा तिसरा हिस्सा करपून जातो.

ज्या पानाने 'इथे वाद घालायला मुभा आहे' असं सांगत आमचं स्वागत केलं, त्याच पानाचा उरलेला भाग वाद घालणाऱ्याचं काय होतं ते सांगतो. तो कापणं मला फसवणुकीसारखं वाटलं. वेळेअभावी कापतात म्हणे, आणि बऱ्याच ठिकाणी तिथेच कापतात असं जोडीदार म्हणाली. तिच्या शाळेतही तिथेच थांबले होते. माझं म्हणणं, मग भिंती गाळा, झाड गाळा, पण अकिवाचे काळे कपडे ठेवा.

मला ते इतकं का लागलं, तेही लिहिते. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बी मंडळाने आदेश काढला की बेने इस्राएलींची इतर ज्यूंशी लग्नं नोंदवण्याआधी आईकडच्या पिढ्या तपासा. का, तर शतकानुशतकं कोकणात वेगळे राहिलेले हे लोक, यांच्या काडीमोडांचा आणि सोयरिकींचा काय भरवसा. बहुमताचाच निर्णय. आमच्या लोकांनी १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं, सरकारला मध्ये पडावं लागलं आणि त्या आदेशातून समाजाचं नाव निघालं. आमच्या घरात आजोबांच्या भावाची सोयरीक त्या काळात लांबली होती. जेवताना हा विषय निघाला की अजून आवाज चढतात.

मी सेफारियावर एक पान जुळवलं: वर भट्टीची पूर्ण गोष्ट, काळ्या कपड्यांसकट, आणि खाली १९६२ ते १९६४ चा इतिहास माझ्या शब्दांत. रब्बायला पाठवलं. तिने पुढच्या आठवड्याचा ठरलेला विषय अर्ध्यावर आणून उरलेला वेळ मला दिला. नावडतं पान आणलं तर दार बंद होत नाही, हा या वर्गाचा मोठा गुण. त्या दिवशीचा वाद वर्गातला सर्वांत चांगला होता. एकजण म्हणाला की इस्राएलमध्ये बहुमताशिवाय तेव्हा काहीच उभं राहिलं नसतं. माझी जोडीदार त्याच्यावर अशी तुटून पडली की मला बोलावंच लागलं नाही.

'ओळख' या विषयाचा आठवडा मात्र सपशेल फसलेला. 'आजीच्या स्वयंपाकघरातला वास आठवा' असं सांगून कागद वाटले, आणि कागदावर आधीच छापलेली उदाहरणं: चिकन सूप, ब्रिस्केट, गेफिल्टे फिश. मी सुकटाची चटणी लिहिणार होते, पण कोलंबीचं सुकट आमच्यात कुठे चालतं, म्हणून बिरड्या लिहिल्या. केंद्रातल्या एका कर्मचाऱ्याने, वर्गाशी संबंध नसलेल्या, मला दोनदा विचारलं की तुझ्या आईने धर्म बदलला का. चांगल्या मनाने विचारलं होतं. उत्तर द्यायला माझ्याकडे आता एक चित्र असतं: १८७४ साली पुण्यात छापलेल्या, मराठी भाषांतर असलेल्या हागादामधलं (पेसाखच्या रात्री वाचायची पोथी), साड्या नेसून बसलेल्या बाया मात्झा, म्हणजे सणाची बिनखमिराची रोटी, लाटतायत आणि भाजतायत. फोनवर ठेवा. भाषण करण्यापेक्षा पटकन काम होतं.

मलिद्याचं पुढे असं झालं की 'तू बिश्वात' हा सण जवळ आला होता, हनाबीची आठवण काढायचा आपला दिवस, आणि रब्बाय म्हणाली, इथेच करूया. केंद्राचं स्वयंपाकघर कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांच्या, देखरेखीखालचं, घरून केलेलं काही आत नेता येत नाही. डबा तर लांबच, तुमची सुरीदेखील नाही. देखरेख करणारे एक वयस्कर गृहस्थ होते. इंडियन स्टोअरमधून आणलेलं पोह्यांचं पाकीट त्यांनी उलटसुलट करून वाचलं. घटक: तांदूळ. पुन्हा वाचलं. यावर तेल-बिल मारतात का? नाही म्हटल्यावर पास. गुळावर ते अडले, म्हणून त्यांच्या कपाटातली साखर घेतली. वेलची अख्खी, पास. फळं अख्खी, पास. नारळ अख्खा, पास, पण तो फोडायला कोयता कुठला? मागच्या पायरीवर हातोडीने फोडला, आणि ते गृहस्थच वाटी धरून पाणी झेलत होते. सब्ज्याची डहाळी मिळाली नाही, गुलाबावर भागवलं. खोबरं जास्त झालं. संपलं मात्र सगळं.

जेवणाचं इतर दिवशीचं म्हणाल तर पोटभर आणि अळणी. चटणी न्यायची सोय नाही हे वर आलंच. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) सुरू होतानाच्या जेवणाला किद्दुश, म्हणजे पेल्यावरची प्रार्थना, द्राक्षरसावर किंवा वाइनवर. आपलं भिजवलेल्या काळ्या मनुकांचं सरबत मी सुचवलंय, अजून निर्णय नाही.

कुणी जाऊ नये, तेही सांगते. ज्याला कुणीतरी बसवून हिब्रू शिकवावं असं वाटतं, त्याने विद्यापीठातला भाषेचा रीतसर कोर्स घ्यावा. इथे भाषा शिकवत नाहीत. ज्याला वाद नको, गप्प बसून ऐकायचं आहे, त्याला दीड तास छळ वाटेल. ज्यू नसलेल्यांना आमच्या केंद्रात शुक्रवारच्या जेवणाला मित्राबरोबर येता येतं, वर्गाला मात्र नाव आधी विचारून घालावं लागतं. माझी पीएचडीवाली तमिळ रूममेट एकदा येऊन बसली आणि राशीच्या बाजूने भांडून गेली.

पुढच्या सेमिस्टरला दुसरा भाग आहे. विषय शब्बाथला वर्ज्य असलेली एकोणचाळीस कामं, मिश्ना या ताल्मुदच्या मुळाशी असलेल्या ग्रंथातली यादी. नाव घातलंय आणि जोडीदार तीच मागून घेतली आहे. ऑलिव्ह-द्राक्षं पिळणं हे त्या यादीत मळणीच्या पोटात धरतात. आता कोकणातले आमचे पूर्वज, ज्यांना 'शनिवार तेली' म्हणत, ज्यांच्या गाठीला ना मिश्ना होती ना ताल्मुद, ते दर शनिवारी घाणा बंद ठेवायचे. मळणी आणि घाण्याचं नातं त्यांना कुणी सांगितलं होतं? हा प्रश्न मी पहिल्याच तासाला टाकणार आहे, बघू राशी काय म्हणतो.